बाईंना सांगितलं ना!

भिंगरीची आई कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यावरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, साच्यावर मेण चढवायची आणि त्या मेणात एकेक दात असा बसवायची, की कवळी तोंडात गेल्यावर माणसाच्या बायकोलाही शंका येऊ नये. काम एका दुकानामागच्या लांबट खोलीत चालायचं. तिथे तिच्यासोबत आणखी एकच जण होते, पॉलिश करणारे काका. त्यांना ऐकू कमी यायचं, पण त्याची भरपाई ते बोलून करायचे.

शाळा सुटायच्या सुमाराला तिचा फोन थरथरायचा. पहिलीच्या वर्गाचा ग्रुप. आपलं मूल दिवसभर काय करतं ते घरच्यांना कळावं, म्हणून शाळेनं ठरवलं होतं की प्रत्येक वर्गानं रोज ‘आजचा दिवस’ लिहायचा, सोबत एखादा फोटो टाकायचा. बाकीच्या वर्गांचे शिक्षक ‘आज पाठ पूर्ण झाला, घरी सराव घ्यावा’ एवढं लिहून मोकळे व्हायचे. पहिलीच्या बाई मात्र अशा लिहायच्या, की हातातलं काम बाजूला ठेवून वाचावं.

‘आज खिडकीच्या काचेवर एक गोगलगाय आली. बेरजा राहिल्या. ती वरच्या टोकाला पोचेपर्यंत वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. मग भिंगरी म्हणाली, हिचं घर हिच्या पाठीवरच आहे, म्हणजे हिची आई कामावर जातच नसेल.’

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. कुणाच्या तरी बाबांनी ‘वा, भिंगरी!’ लिहिलं होतं. आईनं ते वाचलं, प्लास्टरनं पांढरी झालेली बोटं फडक्याला पुसली आणि पुन्हा वाचलं. तिला हसू आलं नाही.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. शाळेचं.”

“हो, गाळायला हवंच,” काका म्हणाले. त्यांना प्लास्टरचं काहीतरी ऐकू आलं होतं.

भिंगरी शाळेतून शेजारच्या मावशींकडे यायची आणि आई कामावरून आली की घरी. सहा वर्षांची, किरकोळ अंगाची, एका जागी न टिकणारी. म्हणून घरातलं नाव शाळेतही गेलं होतं. त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, “काय झालं गं आज शाळेत?”

“काही नाही.”

“गोगलगाय आली होती म्हणे.”

“तुला माहितीये ना मग?”

“पण तू सांग ना. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला.”

भिंगरीनं घास गिळला आणि शांतपणे म्हणाली, “बाईंना सांगितलं ना! एकच गोष्ट कितीदा सांगायची?”

थोड्या वेळानं फोन वाजला. बाबांचा. ते लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचे. महिन्यातले थोडेच दिवस घरी. जिथे ट्रक थांबेल तिथून ते संध्याकाळी फोन करायचे, आणि फोन करण्याआधी ‘आजचा दिवस’ वाचून घ्यायचे.

“काय मॅडम, गोगलगाय पोचली का घरी?”

झालं. भिंगरी फोन घेऊन जमिनीवर फतकल मारून बसली आणि गोगलगायीच्या शिंगांपासून शेपटीपर्यंत सगळं सांगायला लागली. मधेच खिदळत होती. आई भांडी घासताना नळ बारीक करून ऐकत होती. पोरगी तिच्या पोटची, घर तिचं, आणि घरातली बातमी तिला अशी चोरून ऐकावी लागत होती.

तेव्हापासून बाई तिच्या डोळ्यांत खुपायला लागल्या.

फोटो आला की ती तो बोटांनी मोठा करून बघायची. भिंगरीच्या जवळ कोण उभं आहे, बाईंचा हात कुठे आहे. एकदा दिसलं की सकाळी तिनं घातलेली वेणी सुटली होती आणि दुपारच्या फोटोत वेणी नवी होती. घट्ट, सरळ, रिबिनीचं फूल दोन्ही बाजूंना सारखं. संध्याकाळी घरी येताच आईनं ती वेणी सोडायला घेतली.

“राहू दे ना,” भिंगरी म्हणाली.

“केस ओढले जातात.”

“नाही ओढत.”

“ओढतात!” आई म्हणाली आणि स्वतः घालायला बसली. तिला तसलं फूल जमलं नाही. कवळीतला सुळा केसभर इकडचा तिकडे न होऊ देणारी बाई ती, पण त्या रिबिनीनं तिचा पार मामा केला.

एका सुट्टीच्या दिवशी तिनं भिंगरीसोबत जुन्या मोज्याची बाहुली केली आणि दोघींचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. ‘आमचाही आजचा दिवस!’ असं लिहिलं. दिवसभर ती फोन उघडून बघत होती. दोघांनी अंगठे दिले. त्यातला एक अंगठा बाईंचा होता. तो आला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दात हलायला लागला.

भिंगरीचा पहिला दुधाचा दात, खालचा, पुढचा. आता हे तर आईचं राज्य होतं. रोज सकाळी ती भिंगरीला उजेडात उभी करायची, हात स्वच्छ धुऊन दात दोन बोटांत धरायची आणि म्हणायची, “अजून मूळ धरून आहे. ओढायचा नाही हं. आपला आपण पडेल.” काकांना तिनं दाताच्या हलण्याचा अहवाल द्यायला सुरुवात केली होती. फावल्या वेळात, कवळीच्या हिरड्यांना वापरतात त्याच गुलाबी साहित्यातून तिनं एक छोटीशी डबी केली. झाकण घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की काका म्हणाले, “एवढं पॉलिश गिऱ्हाइकाला देत जा.”

दात शाळेत पडला.

फोन थरथरला तेव्हा ती मेण तापवत होती. फोटोत भिंगरी तोंड आ करून उभी होती, खालच्या ओळीत खिडकी पडलेली. ‘आज आमच्या वर्गातला एक दात कमी झाला! भिंगरी अजिबात रडली नाही. उलट सगळ्यांना रांगेत उभं करून दाखवत होती.’ खाली अंगठे, टाळ्या, फुलं. शेजारच्या मावशींचासुद्धा फोन येऊन गेला, “अगं, पडला ना दात!” मावशींनाही तिच्या आधी कळलं होतं.

मेण जळलं. खोलीभर वास सुटला.

संध्याकाळी ती डबी घेऊन घरी आली. “कुठे आहे दात?”

“बाईंना दिला,” भिंगरी म्हणाली.

“दिला म्हणजे?”

“म्हणजे दिला. त्यांना हवा होता.”

“मागितला त्यांनी?”

“नाही. मला कळलं.”

आईनं डबी ओट्याच्या फळीवर, डाळींच्या डब्यांमागे सरकवून दिली. त्या रात्री तिनं फोनवर बाबांचं आणि भिंगरीचं दाताबद्दलचं बोलणं ऐकलं नाही. नळ पूर्ण सोडून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. पालकांना मुलांच्याच बाकांवर बसवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. मुख्याध्यापिका मऊ बोलणाऱ्या होत्या आणि तक्रार म्हटलं की त्यांना धडकी भरायची. “कुणाला काही सुचवायचं आहे का?” असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि भिंगरीची आई उभी राहिली.

तिनं सगळं पाठ करून आणलं होतं. मुलांचे फोटो असे रोज सगळ्यांच्या फोनवर जाणं बरं आहे का? तिथून ते आणखी कुठे जातात, कुणी सांगू शकतं का? आणि एवढं छान छान लिहायला बाईंचा जो वेळ जातो, तो वर्गातलाच ना? तिचा आवाज स्थिर होता. एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यातला एकही तिच्या मनातला नव्हता.

चष्मेवाले एक गृहस्थ लगेच म्हणाले, “मुद्दा अगदी बरोबर आहे.” मग एकेकाला कंठ फुटला. कुणी म्हणालं, आमच्या मुलाचा फोटो नेहमी मागूनच असतो. मागच्या बाकावरची एक आई म्हणाली, “आमच्या पोराचं तर नावच येत नाही. ती कोण भिंगरी का काय, तिचंच कौतुक सारखं.” तिला माहीत नव्हतं की भिंगरीची आई समोरच उभी आहे. भिंगरीच्या आईचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही.

“तर मग आपण हे तूर्त थांबवू,” मुख्याध्यापिका घाईघाईनं म्हणाल्या. “यापुढे ग्रुपवर फक्त सूचना.”

सगळे बाईंकडे बघायला लागले. त्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी वाद घालावा अशी आईची फार इच्छा होती. उत्तरंही तयार होती. बाई म्हणाल्या, “ठीक आहे.” हातातला फोन त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

घरी जाताना आईला मैदान मारल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं दोन-तीन दिवस टिकलं.

मग दुपारी फोन गप्प राहायला लागला. कधी थरथरलाच तर ‘उद्या रंगीत कागद आणावा’ एवढंच. संध्याकाळी ती विचारायची, “काय झालं आज?” भिंगरी म्हणायची, “काही नाही.” आणि आता पुढे बोलायला धागाच नव्हता. पूर्वी निदान ‘गोगलगाय आली होती म्हणे’ असं म्हणता यायचं, त्यावर पोरगी चिडायची तरी. आता समोर नुसती जेवणारी मुलगी. तिला वाटलं होतं, तिकडचा नळ बंद झाला की इकडचा आपोआप सुरू होईल. तसं काही झालं नाही.

बाबांच्या फोनचीही तीच गत झाली.

“काय केलं आज?”

“काही नाही.”

“जेवलीस?”

“हो.”

“अभ्यास?”

“हो.”

“बरं. दे आईकडे.”

आईकडे फोन आला की ते म्हणायचे, “बंद का झालं गं ते? ट्रक लावला की मी पहिलं तेच उघडायचो. सोबतच्या ड्रायव्हरलाही वाचून दाखवायचो. तोसुद्धा विचारतो, तुमची भिंगरी आज काय म्हणाली.”

“तक्रार आली म्हणे कुणाची तरी.”

“कोण एवढा नतद्रष्ट?”

“काय माहीत,” ती म्हणाली.

बाबा घरी आले त्या आठवड्यात एके दिवशी भिंगरीला आणायला तेच शाळेत गेले. परत आले ते हसतमुख, पण ती ओळखून होती. तोंडावरचं हसू भिंगरीसाठी होतं. भिंगरी मावशींकडे खेळायला गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“फाटकाशी एक चष्मेवाले भेटले. म्हणाले, तुमच्या मिसेसनी सभेत फार बरोबर मुद्दा मांडला.”

ती चिरत होती ती भाजी चिरतच राहिली.

“मी नतद्रष्ट म्हणालो तेव्हाच सांगायचंस ना.”

“सांगून काय झालं असतं?”

“शब्द परत घेतला असता. कदाचित.”

तिनं सुरी खाली ठेवली. “तुम्हाला काय होतंय म्हणायला! तुम्ही लांबून बोलता, लांबूनच हसता. मी इथे आहे. सकाळी तिला आंघोळ मी घालते, डबा मी देते, आणि तिचं जे काही घडतं ते आधी त्यांना कळतं, मग जगाला कळतं, मग मला. पहिला दात, अहो! मी दातांचं काम करते. माझ्या स्वतःच्या मुलीचा पडलेला दात मी पाहिलेला नाही. मी तिची आई आहे की मावशींकडून सामान उचलून आणणारी?”

बाबा म्हणाले, “आणि माझं काय? मला तर तुम्हा दोघींचंही दुसऱ्याकडूनच कळतं. मी कुणाकुणावर जळू?”

तिनं पुन्हा सुरी उचलली.

“दात तरी मागून आण,” ते जाता जाता म्हणाले. “एवढं मनाला लागलंय तर.”

दुसऱ्या दिवशी ती काम लवकर आटोपून शाळेत गेली. घंटा व्हायची होती. पहिलीच्या वर्गाची खिडकी व्हरांड्यात उघडत होती आणि ती खिडकीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आतून दिसू नये अशी. तसं उभं राहायची तिला आता लाज वाटेनाशी झाली होती.

आत गोंगाट नव्हता. घरी जाण्याआधी एकेक मूल बाईंजवळ येऊन काहीतरी सांगत होतं आणि दप्तर उचलत होतं. बाई बुटक्या बाकावर बसल्या होत्या. हातात खडू नाही, पेन नाही. नुसत्या ऐकत होत्या.

भिंगरीचा आवाज आला. “बाई, माझ्या आईनं काल एका आजोबांची कवळी केली. तिनं ना, त्यातला एक दात मुद्दाम वाकडा बसवला.”

“मुद्दाम? तो का गं?”

“आजोबांचा खरा दात तसाच होता म्हणून. सरळ दात लावले तर आजी त्यांना ओळखणार नाहीत, असं आई म्हणाली. माझ्या आईला सगळ्यांचे दात कळतात. नुसतं हसलं तरी कळतात.”

“असं? मग मला जपून हसायला हवं,” बाई म्हणाल्या.

आई भिंतीला टेकून राहिली. हे तिनं काल रात्री बाबांना सांगितलं होतं. भिंगरी कोपऱ्यात रंगवत बसली होती. ऐकत असेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घंटा झाली. मुलं फाटकाकडे पळाली, भिंगरी मावशींना शोधत त्यांच्यात मिसळून गेली. बाई दारात आल्या आणि समोर भिंगरीच्या आईला बघून थबकल्या.

“भिंगरी आत्ताच गेली,” त्या म्हणाल्या.

“मी तुमच्याकडेच आले होते.” ती उंबऱ्यापाशीच थांबली. “तिचा दात तुमच्याकडे आहे म्हणाली.”

बाईंनी टेबलाचा खण उघडला आणि कागदाची पुडी काढून दिली. “मी नको म्हणत होते. म्हटलं, आईला दाखव आधी. तर म्हणते, आईकडे खूप दात आहेत, डबेच्या डबे भरून. तुमच्याकडे एकही नाही. तुम्हीच ठेवा.”

आईनं पुडी उघडली. तांदळाएवढा दात. मूळ पूर्ण झिजलेलं; अगदी वेळेवर पडला होता. तिला हसू फुटलं आणि त्याच्यामागोमाग दुसरंही काहीतरी आलं, ते तिनं पदरानं टिपलं.

“त्या दिवशी सभेत मी जे बोलले...”

“मुद्दा चुकीचा नव्हता,” बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “पण तुम्ही त्या मुद्द्यासाठी उभ्या राहिला नव्हतात. ते मला तेव्हाच कळलं.”

“कसं?”

बाई खिडक्या लावायला लागल्या. एक लावली, दुसरी लावली. “मला होतं ना तसं. रोज होतं. दिवसभर मी त्यांची असते. शेंबूड पुसा, भांडणं सोडवा, पेन्सिलीला टोक करा. आणि घंटा झाली की एक जण मागे वळून बघत नाही. सगळी आपापल्या आयांकडे. मी इथून बघत असते. मग बसून लिहायचे, आज काय झालं ते. तेवढं लिहिलं की दिवस जरा माझ्याकडे राहायचा.”

आईनं तिसरी खिडकी लावली.

“मी मुख्याध्यापिकांना सांगते,” ती म्हणाली. “परत सुरू करायला लावते.”

“सांगा. पण फोटो मी आता काढणार नाही. सगळ्यांनी मागितले तरी. त्या दिवशी भिंतीशी उभी होते ना, तेव्हा मला चोरी पकडल्यासारखं झालं होतं.”

मुख्याध्यापिकांनी आधी कानांवर हात ठेवले. एकदा बंद केलेलं पुन्हा काढलं तर पुन्हा सभा, पुन्हा चष्मेवाले. भिंगरीच्या आईनं तीन फेऱ्या मारल्यावर त्या एवढ्यावर आल्या, की फाटकाशी फळा लावू, त्यावर पहिलीच्या बाईंनी चार ओळी लिहाव्यात. कुणाचं नाव नको, फोटो नको. बाई लिहायला लागल्या. पूर्वीसारखं नसायचं ते. ‘आज वर्गात कुणीतरी विचारलं, पाढे कुणी बनवले आणि त्याला घरचे ओरडले नाहीत का.’ एवढंच. पण आई कामावरून येताना मुद्दाम शाळेवरून यायची, फळ्याचा फोटो काढून बाबांना पाठवायची, आणि खाली स्वतःची एक ओळ जोडायची. कधी कामावरची, कधी भिंगरीची. तिला बाईंसारखं लिहिता येत नव्हतं. बाबा म्हणायचे, चालतंय की.

तिचं जळणं काही संपलं नाही. ‘कुणीतरी’ म्हणजे भिंगरीच का, हे ओळखायला तिला अजून हवं असायचं, आणि भिंगरी सांगायची नाही. पण आता ती विचारण्याआधी स्वतःचं सांगायला बसायची. आज एका बाईंचं माप आलं, त्यांना म्हणे हसताना सोन्याचा दात दिसायला हवा. भिंगरी खाता खाता थांबायची. “मग?” असं विचारायची. कधीतरी त्या ‘मग’च्या मागून शाळेतलंही काही सांडायचं.

वर्ष संपलं. भिंगरी दुसरीत गेली. तिथे एक सर होते, शिस्तीचे, बरे. ते काहीच लिहायचे नाहीत.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आईला एके दिवशी लवकर सुट्टी मिळाली आणि ती भिंगरीला आणायला गेली. फाटकाशी भिंगरी नव्हती. ती सापडली पहिलीच्या वर्गाच्या दाराबाहेर, चौकटीला नाक लावून उभी. आत बाई बुटक्या बाकावर बसल्या होत्या आणि नवी इवलीइवली पोरं त्यांच्याभोवती चिकटली होती. एकीची वेणी सुटली होती. बाई बोलता बोलता ती घालत होत्या.

“चल,” आई म्हणाली.

भिंगरी हलली नाही. “त्यांना काहीच येत नाही,” ती म्हणाली. “ती बघ, तिला स्वतःचं दप्तरसुद्धा लावता येत नाही. आणि तो मुलगा सारखा रडतो. बाई उगीच त्याला जवळ घेतात.”

“हं.”

“आणि बाईंनी मला पाहिलं, तरी नुसता हात हलवला.”

आईला तिचा कान दिसत होता. लालबुंद झालेला. पालकसभेत स्वतःचे कान कसे तापले होते ते तिला आठवलं. ‘त्यांना आता लहान मुलं सांभाळायची आहेत’, ‘तू आता मोठी झालीस’, असलं काही तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळून टाकलं.

ती भिंगरीच्या शेजारी, दाराबाहेरच्या पायरीवर बसली. “माहितीये मला,” ती म्हणाली. “पोटात असं पिळल्यासारखं होतं ना?”

भिंगरीनं वळून तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दप्तर खाली टाकून तिच्या मांडीला मांडी लावून बसली.

“इथे होतं,” ती म्हणाली आणि आईचा हात धरून तिनं जागा दाखवली.